गार पाणी, जुनी चेता

१ जानेवारी, नेदरलँड्समधला स्खेव्हेनिंगेनचा किनारा. नारिंगी टोप्या घालून हजारो माणसे उत्तर समुद्रात धावतात. हौसेला मोल नाही. पाणी अंगाला लागताच घशातून जो 'हाऽऽ' निघतो तो कुणी ठरवून काढत नाही. छाती धडधडते, अंगावर काटा येतो. हे काम धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या अनुकंपी चेतासंस्थेचे.

चेहरा पाण्यात बुडवून श्वास रोखला की नेमके उलटे. मेंदूतून हृदयाकडे जाणारी व्हेगस चेता ठोके मंदावते, हातापायांचे रक्त मेंदूसाठी राखले जाते. सील, बदक, माणूस, तिघांतही हे आहे. मात्र दोन्ही हुकूम एकदम सुटले तर धडधाकट हृदयाचीही लय बिघडू शकते. उत्क्रांतीने जुन्या वाड्यावर मजले चढवले, पाया उकरला नाही.

जबडा नसलेल्या लॅम्प्रे माशात अनुकंपी चेतापेशी नसतात, असे पाठ्यपुस्तके सांगत. २०२४ मध्ये कॅल्टेकच्या मॅरियान ब्रॉनर यांच्या गटाने त्या दाखवल्या. वाढीत त्या उशिरा उमटतात, इतकेच. म्हणजे ही व्यवस्था पृष्ठवंशीयांच्या आरंभाइतकी जुनी.

नाइमेखन, तेही नेदरलँड्समध्येच. श्वास आणि बर्फाच्या सरावाने ही व्यवस्था ताब्यात ठेवता येते, असे सांगणाऱ्या 'बर्फाचा माणूस' विम हॉफ याचे दावे तिथल्या राडबाउड विद्यापीठाच्या मॅथाइस कॉक्स आणि पीटर पिकर्स यांनी थट्टेवारी न नेता तपासले (२०१४). हॉफकडे शिकलेले बारा, न शिकलेले बारा, सगळ्यांना ई. कोलायचे जंतुविष टोचले. शिकलेल्यांनी जोरजोरात श्वास घ्यायला सुरुवात करताच, सुईच्या आधीच, त्यांच्या रक्तात अ‍ॅड्रिनलिन चढले. पुढे दाह आणि लक्षणे दोन्ही कमी. स्वायत्त म्हणवणाऱ्या यंत्रणेत इच्छेला श्वासाच्या दारातून शिरता येते!

२०२२ मध्ये याच गटाने बर्फ आणि श्वास वेगळे करून पाहिले. श्वास एकट्यानेही काम करतो. बर्फाचा सराव एकट्याने नाही, जोडीला असला तर परिणाम वाढवतो. हॉफचे फोटो मात्र बर्फातले. शिवाय या प्रयोगांतली सगळी माणसे निरोगी होती. यावरून रोग बरे होण्याच्या गोष्टी करणे हा निव्वळ बाजार.

आपल्याकडे मुंबईत डॉ. के. के. दाते यांनी १९६९ मध्ये शवासन आणि संथ श्वासाने रक्तदाब उतरवून दाखवला. दार तेच, दिशा उलटी.

हॉफच्या पद्धतीने जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून श्वास रोखल्यावर गुदमरण्याची जाणीव उशिरा येते आणि त्याआधीच शुद्ध हरपू शकते. करायचेच असेल तर कोरड्या जमिनीवर, बसून किंवा आडवे होऊन करा. टबात, तलावात, समुद्रात कधीही नाही.