नवटाक

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला दारूचा पेला दिसला की आधी सुधाकर आठवतो. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' त्यांच्या निधनानंतर, १९१९ साली रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून आपल्याकडे पेला आणि शोकांतिका यांची अशी काही गाठ बसली की हसतखेळत पिणारा माणूस लेखनात आणताना चोरी केल्यासारखे वाटते. तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ विनोदी खरे. पण तो विनोदही अखेर सिंधूच्या दुःखाकडे जाणाऱ्या वाटेवरचाच. आमच्या घरात सिंधू नव्हती. आमच्या घरात आजी होती, आणि परमिट तिच्या हातात होते.

आबा तानसा धरणावर नोकरीला होते. निवृत्तीनंतरही ते मुंबईला आले नाहीत. तलावापासून थोड्या अंतरावर, जंगलाच्या कडेला दोन खोल्या आणि एक ओटा एवढ्या घरात राहिले. आम्ही पाच चुलतभावंडे परळच्या चाळीत वाढलो. मे महिन्याची सुटी लागली की कसारा लोकलने आटगावला उतरायचे आणि तिथून मिळेल त्या वाहनाने तानसाला जायचे. पोचल्यावर आबांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "काय रे, माझं पाणी येतं ना नळाला?" मुंबईचे पाणी ते स्वतःचेच समजत. आणि दिवेलागणीला पेला हाती घेतला की याच प्रश्नाचा उत्तरार्ध येई : "सगळी मुंबई माझं पाणी पिते. संध्याकाळी घटकाभर मी दुसऱ्याचं प्यायलो, तर कुणाचं काय बिघडलं?"

परमिट हा शब्द आता नव्या वाचकाला समजावून सांगावा लागेल. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबई राज्यात ज्याला प्यायची असेल त्याला सरकारी परवाना काढावा लागे, आणि तो बहुधा प्रकृतीच्या कारणावरून मिळे. म्हणजे आधी कागदोपत्री आजारी पडायचे आणि मग प्यायचे. पुढे बंदी सैल झाली, पण आमच्या घरात ती आजीने चालू ठेवली. तिच्याजवळ दुधाचे एक जुने पितळी माप होते, नवटाकाचे. दशमान पद्धती आली, शेर गेला, पावशेर भाजीवाल्यांच्या तोंडी तेवढा उरला. नवटाक मात्र मराठीत टिकले ते पिणाऱ्यांच्या कृपेने. (भाषेची सेवा कोण कोणत्या मार्गाने करील, सांगता येत नाही.) रोज संध्याकाळी ते माप एकदाच भरे आणि फळीवरच्या काचेच्या पेल्यात रिकामे होई. त्याला आजी 'परमिट देणे' म्हणे.

यावर रोज वाद होई, आणि तो ऐकण्यासाठी आम्ही क्रिकेट अर्धवट टाकून ओट्यावर जमत असू. आबांचे म्हणणे असे की, मापाला शीग हवी. धान्याला शीग लावतात, मग यालाच का नाही? आजी शांतपणे म्हणे, "लावून दाखवा शीग, देते." मग आबा माप डोळ्यांच्या रेषेत धरून बराच वेळ पाहात आणि आम्हांला साक्षीला बोलावीत. एके वर्षी आमच्यातल्या थोरल्याने शाळेत शिकलेले पृष्ठताणाचे ज्ञान पाजळून काठाच्या वर द्रव किंचित फुगून राहतो हे सिद्ध केले. आबा इतके खूश झाले की त्याला दोन रुपये मिळाले. दुसऱ्या दिवशीपासून आजी माप काठाच्या बोटभर खाली भरू लागली.

दुसरा वाद धरणीच्या वाट्याचा. पिण्यापूर्वी आबा बोटाने चार थेंब जमिनीवर सोडीत. हे ते एका कातकरी मित्राकडून शिकले होते. मग तक्रार करीत की धरणीचा वाटा आपल्या मापातून का जावा, तो सरकारने, म्हणजे आजीने, वेगळा द्यावा. आजीचे उत्तर : "धरणी तुमची, पाहुणचार तुम्हीच करा." आबा त्यानंतर चारऐवजी दोनच थेंब सोडू लागले आणि आम्हांला म्हणत, "धरणीलाही परमिट लागू झालं."

आता त्या मित्राविषयी. बाटली आणणारा तोच. तानसाच्या रानात चैत्रात पहाटेपासून मोहाची फुले टपटप गळतात. फिकट, मांसल, गोड वासाची. ती वेचायची, वाळवायची, भिजवून आंबवायची आणि मग गाळायची. पहिल्या धारेची बाटली तो आबांसाठी राखून ठेवी. आबांच्या धरणावरच्या दिवसांपासून दोघांची ओळख. तो आला की दोघे तासन् तास बसत, बोलत फारसे नसत. आबा ओट्यावर, तो ओट्याच्या पायरीवर. त्याच्यासाठी जर्मनचा एक पेला होता आणि तो वळचणीला, वाशाच्या खाचेत खोवलेला असे. आम्ही गावातल्या झाडून साऱ्या पुरुषांना काका म्हणत असू. त्याला मात्र नावाने हाक मारीत असू, आणि तो आम्हांला 'दादा' म्हणे. हे सारे आज लिहिताना दिसते. तेव्हा आमचे लक्ष आत, फळीवरच्या पेल्याकडे असे, कारण सगळी गंमत तिथे होती.

तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले. त्याच साली मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला. आबांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आम्हांलाही ते फार उशिरा, ग्रंथालयात दुसरेच काही शोधताना कळले. एकाच वर्षी या डोंगरांतले पाणी शहराला गेले आणि फूल सरकारजमा झाले. पाण्याची स्थिती पुढे अशी झाली की तानसा, वैतरणा, भातसा यांचे जलाशय पोटात बाळगणाऱ्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. फुलावरचे निर्बंध राज्य सरकारने काढले ते २०२१ साली. तोवर त्या मित्राच्या झोपडीत फुले सापडणे हा गुन्हा होता, आणि आमच्या फळीवर त्यांचा अर्क असणे हा विनोद.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका मे महिन्यात पाड्यावर छापा पडला. मडकी फोडली, फुलांची गाठोडी नेली, आणि दोघातिघांना गाडीत घातले. त्यांत तो होता. त्या संध्याकाळी आजीने नेहमीप्रमाणे माप भरले. बाटलीत निम्मी शिल्लक होती, आणि ती कुणी शोधायला आले नव्हते; येणारही नव्हते. आमच्यातल्या धाकटीने सवयीने विचारले, "आबा, आज शीग नको?" कुणी हसले नाही. आबांनी पेला उचलला, ठेवला, पुन्हा उचलला, आणि सगळाच्या सगळा ओट्याखाली ओतला. चार थेंब नव्हे, सगळा. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते शहापूरला गेले आणि दंडाचे पैसे भरून त्याला घेऊन आले. परतल्यावर तो पायरीवर बसला, आबा ओट्यावर. वळचणीचा पेला खाली आला. आठवड्याभरात शिगेचा वादही पुन्हा सुरू झाला, आणि आम्हांला बरे वाटले.

आबा गेले ते नव्वदीच्या आरंभी, झोपेत. दहाव्याला कावळा शिवत नाही, मग कुणीतरी बाटली आणून ठेवते आणि लगेच शिवतो, हा किस्सा महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत आपापल्या आजोबांचा म्हणून सांगितला जातो. आमच्याही एका काकांनी तयारीने पिशवीत बाटली नेली होती. पण कावळा पहिल्याच हाकेला आला. काका हिरमुसले. घरी आल्यावर आजीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "त्यांचं परमिट माझ्याकडे होतं. कावळ्यापुढे हट्ट करून काय मिळणार?" आणि मग ती प्रथमच रडली.

त्याच दिवशी दिवेलागणीला तो मित्र आला. हातात बाटली होती. पायरीवर न बसता उभाच राहिला. आजीने माप घेतले, काठोकाठ भरले, आणि पेला आणायला वळली. त्याने आधी चार थेंब जमिनीवर सोडले, मग बाकीचे प्यायला, हे आम्हां सर्वांना स्पष्ट आठवते. पेला कोणता होता, याविषयी मात्र आमच्यात एकमत नाही. थोरला आणि धाकटी शपथेवर सांगतात की तो फळीवरचा काचेचा होता. उरलेल्या आम्हां तिघांना आजी वळचणीकडे हात उंच करताना दिसते. आजीला विचारायचे राहून गेले. दिवाळीत भेटलो की हा विषय निघतोच, आणि जेवणाची पाने मांडून होईपर्यंत आम्ही भांडत असतो.