हाक कोठून आली?

बाळ शमुवेल मंदिरात निजला होता. हाक ऐकू येताच तो उठून एलीकडे धावला. एकदा नव्हे, तीनदा. हाक खरी होती, ऐकणाराही जागा होता, पण ती कोठून आली हे त्याला उमगले नाही. सेमिनरीत असताना या उताऱ्यावर आम्ही पुष्कळ व्याख्याने ऐकली. परंतु या तपशिलापाशी कोणी फारसे थांबले नाही.

परमेश्वराच्या हाकेला दिशा नसते, हे खरे. माणसाच्या हाकेला ती असते, आणि ती ओळखण्याची जी योजना निर्मात्याने आपल्या मस्तकात केली आहे, ती थक्क करणारी आहे. आपल्या दोन कानांत वीतभराहूनही कमी अंतर. उजवीकडून आलेला ध्वनी डाव्या कानाशी किंचित उशिरा पोहोचतो. किती उशिरा? सेकंदाचे दीड हजार भाग केले, तर त्यांतील जेमतेम एक. शिवाय उंच पट्टीच्या स्वरांना मस्तकाची सावली पडते, त्यामुळे पलीकडच्या कानात ते मंदावतात. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ साली या दोन्ही गोष्टींची सांगड घातली.

मात्र समोरची आणि पाठीमागची हाक दोन्ही कानांत एकाच क्षणी शिरते. तेथे उपयोगी पडतात त्या कानाच्या पाळीवरील वेड्यावाकड्या घड्या. (लहानपणी गुरुजींच्या चिमटीसाठीच त्या असाव्यात, अशी आमची समजूत होती!) ध्वनी या घड्यांवर आपटून फिरतो, काही स्वर उठावदार होतात, काही दबतात, आणि दिशेगणिक हा फरक बदलतो. तो ओळखण्यास मेंदू बालपणापासून शिकलेला असतो.

याचे मोजमाप करताना माणसाला प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत बसवितात, कर्णरंध्राच्या तोंडाशी इवलासा मायक्रोफोन ठेवतात आणि चहूबाजूंनी ध्वनी सोडतात. अमेरिकेतील एमआयटी संस्थेने १९९४ साली 'केमार' नावाच्या पुतळ्यावर ७१० दिशांनी असे मोजमाप केले. पुढे २००१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी, हा पुतळा धरून, ४५ जणांची मापे प्रसिद्ध केली; प्रत्येकाची १,२५० दिशांनी. माणसामाणसांत भेद आढळला. दुसऱ्याच्या कानांच्या मापाने ऐकविलेला ध्वनी समोरचा की मागचा, याचा घोटाळा होतो.

आम्हांस हे सारे आठवण्याचे कारण अहमदपूरच्या एका घरातील आजी. त्यांना ऐकू कमी येते. चिरंजीवांनी खर्चाचा विचार करून एकाच कानाचे यंत्र आणले. आजींनी ते चार दिवस लावले आणि डबीत ठेवून दिले. "फादर, सगळा कालवा डोक्यातच होतो. नांदेड रस्त्यावर ट्रक कुठून आला, काही उमजत नाही," असे त्या म्हणाल्या. घरातील मंडळी याला हट्ट म्हणत होती. आमच्या मते आजींचे गाऱ्हाणे अगदी शास्त्रशुद्ध होते. कानामागे बसणाऱ्या यंत्राचा मायक्रोफोन पाळीच्या वर असतो, म्हणून घड्यांचा उपयोगच होत नाही. आणि यंत्र एकाच कानाला लावले की दोन कानांतील तोलही बिघडतो.

आम्ही चिरंजीवांना दोन्ही कानांची तपासणी करवून घेण्यास सांगितले. अली यावर जंग हे मूळचे हैदराबादचे, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. त्यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ साली वांद्र्यास स्थापन झाली. तिचे केंद्र सिकंदराबादेसही आहे. अहमदपूरकरांना ते मुंबईहून जवळ.

आजींना मात्र आम्ही हॉलंडमधील नायमेखेनची गोष्ट सांगितली. तेथील संशोधकांनी काही माणसांच्या कानांच्या घड्यांत साचे बसविले आणि १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वरचा-खालचा आवाज त्या माणसांना तत्काळ ओळखू येईनासा झाला. परंतु साचे तसेच राहू दिल्यावर काही आठवड्यांत ते नव्या कानांनी ऐकावयास शिकले. साचे काढले, तर जुने कानही शाबूत! आपला मराठी माणूस हैदराबादेत राहून उर्दू शिकला, तरी घरची बोली विसरत नाही, तसेच हे.

आता दोन्ही कानांना यंत्रे आहेत. सायंकाळी आजी अंगणात डोळे मिटून बसतात, नातू कोपऱ्याकोपऱ्यांतून हाका मारतो, आणि त्या बोट दाखवितात. मागील भेटीत दहांपैकी सहा वेळा बोट बरोबर गेले. पाठीमागची हाक मात्र त्यांना अजून समोरूनच वाटते.