गुणांचा फांसा

माणसाच्या अंगचे गुण आंकड्यांत मोजावे काय, हा प्रश्न खरा तत्त्ववेत्त्यांचा. पण हल्लींचीं मुलें तो खेळतां खेळतां सोडवितात. माकणीच्या आमच्या जुन्या घरीं उन्हाळ्याच्या सुटींत पुण्यासोलापुराकडचीं भावंडें जमतात. सकाळीं तेरणेच्या धरणाकडे फेरी होते. दुपारीं ऊन तापलें, कीं ओसरीवर पत्ते व सोंगट्या यांच्या जोडीला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा खेळ मांडला जातो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं तो १९७४ सालीं प्रसिद्ध केला. एक जण सूत्रधार होऊन अद्भुत कथा सांगतो आणि बाकीचे त्या कथेंतील एकेक पात्र होऊन बोलतात, लढतात, फसतात व सुटतात.

प्रत्येक पात्राला सहा गुण असतात: बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धि, विवेक व प्रभाव. मूळ नियमाप्रमाणें तीन फांसे टाकून एकेका गुणाचा आंकडा ठरे. तीन फांशांचीं दानें २१६ प्रकारांनीं पडूं शकतात. त्यांत १८ एकाच प्रकारानें येतात, तर १० किंवा ११ प्रत्येकीं २७ प्रकारांनीं. असामान्य विरळा आणि साधारण पुष्कळ, ही जगाची रीत फांशांनींही पाळली आहे. मग बळ अधिक तो योद्धा, बुद्धि अधिक तो मांत्रिक, विवेक अधिक तो धर्मोपदेशक, अशी भूमिकांची वांटणी होते. आजच्या नियमांत वीस बाजूंच्या फांशावर जें दान पडेल त्यांत मुख्य गुणाची भर पडते: गुण १६ असेल तर तीन मिळतात, ८ असेल तर एक वजा होतो.

ही कल्पना आपणांस परकी वाटण्याचें कारण नाहीं. विराटनगरींतील अज्ञातवास आठवावा. सहदेव गाईंकडे गेला, नकुल घोड्यांकडे, युधिष्ठिर द्यूतज्ञ सभासद झाला. पण भीम बल्लव होऊन मुदपाकखान्यांत शिरला आणि अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येस नृत्य शिकवूं लागला. गुण तेच, भूमिका मात्र निराळ्या. ज्या चापल्यानें बाण सुटतो त्यानेंच पदन्यासही साधतो. गुणावरून भूमिका सुचते, एकच एक ठरत नाहीं.

या खेळाच्या नियमांचा इतिहासही बोधप्रद आहे. आरंभीं पडलेलें दान निमूट स्वीकारावें लागे. पुढें १९७९ मध्यें, चार फांसे टाकून सर्वांत लहान दान सोडावें व आलेले आंकडे हव्या त्या गुणांस द्यावे, अशी मुभा मिळाली. म्हणजे दैवाच्या शेजारीं पुरुषार्थ येऊन बसला. १९७८ च्या नियमग्रंथानें मानवी स्त्रीपात्राच्या बळाला पुरुषाहून खालची मर्यादा घातली होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीनें ती काढून टाकली. आमची पुतणी गदा घेऊन अग्रभागीं उभी राहते, तेव्हां या सुधारणेचें मोल कळतें. कर्णाला रंगभूमीवर कुळ विचारलें गेलें. आमच्या ओसरीवर तें कोणी विचारीत नाहीं.

आम्हांस सर्वांत विचार करावयास लावलें तें काटकपणानें. २०१४ च्या नियमग्रंथांत बारा प्रकारचीं पात्रें आहेत, पण त्यांपैकीं एकाचाही तो मुख्य गुण नाहीं. तरीही तो कमी असलेलें पात्र पहिल्याच धक्क्यांत आडवें होतें. घाव बसल्यावर मांत्रिकाचें ध्यान टिकतें कीं मोडतें, हेंही बुद्धीवर नव्हे, काटकपणावरच ठरतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें हा सारा टापू हादरला. मदतीस धांवून जाणाऱ्यांचें कौतुक झालें, तें योग्यच. परंतु पुढें पत्र्याच्या निवाऱ्यांत ज्या बायकांनीं चुली पेटत्या ठेवल्या, त्यांच्या गुणाला कोणतें पद मिळालें? एकत्र कुटुंबांतही अशी एखादी वहिनी असते, जिच्या बळावर बाकीच्यांचे मुख्य गुण झळकतात.

आमच्यासारख्या घरांनीं पिढ्यान्‌ पिढ्या सहांपैकीं एकच आंकडा पाहिला, तो बुद्धीचा. यंदां धाकट्या बंधूंचा मुलगा उत्तम गुणांनीं बारावी झाला. त्याला परभणीच्या कृषि विद्यापीठांत शिकून येथील कोरडवाहू जमीन कसावयाची आहे. "एवढी बुद्धि मातींत घालणार काय?" असें घरांतील वडील मंडळी विचारतात. बंधूंनीं आमचें मत विचारलें आहे, तें असें. पाऊस, पाणी, बाजार व माणसें यांचा मेळ घालणें हें बुद्धीचें व विवेकाचें काम आहे. तेथें बुद्धि वायां जात नाहीं. काटकपणा त्याच्यापाशीं किती आहे, तें आज कोणासच ठाऊक नाहीं. पण खेळांतही पात्र चौथ्या पायरीस पोंचलें कीं गुणांत दोनांची भर घालतां येते. अनुभवानें माणूस वाढतो, हें नियमकर्त्यांनीं मान्य केलें आहे. मुलानें आपली भूमिका निवडली आहे. त्याला परभणीस जाऊं द्यावें, आणि पहिल्या दोन-तीन पिकांचा तोटा सर्वांनीं मिळून सोसण्याची तयारी ठेवावी.