वहाणांचं देणं

कोकणातला वारकरी आषाढीला मनानंच पंढरपुरात असतो. ते ऐन लावणीचे दिवस. शेतात गुडघाभर चिखलात उभा असलेला माणूस दिंडीला कसा जाणार? म्हणून आमच्याकडची पायी वारी प्रामुख्यानं कार्तिकीची. भात हाताशी आलं की दिंड्या घाटाची वाट धरतात. रत्नागिरीहून हातखंबा, पाली, साखरपा, पुढे आंबा घाट, वर मलकापूर, आणि तिथून देश. जांभ्याची तांबडी धूळ, तापलेलं डांबर, घाटातलं पहाटेचं दव, कधी उशिराची एखादी सर, मग देशावरची काळी माती. हे सगळं एकाच जोडीला सोसायचं असतं.

ही वाट मी चालले, पायांना फारशी इजा न होता चालले, त्याचं श्रेय लोक विठ्ठलाला देतात आणि मीही देते. पण त्यातला फार मोठा वाटा रत्नागिरीच्या बाजारात एका टपरीत बसणाऱ्या चर्मकार काकांचा आहे. मागे संत रोहिदासांची तसबीर, पुढ्यात रापी, आरी, हातोडी आणि मेण लावलेला दोरा. त्यांना सगळं गाव काकाच म्हणायचं. ते मला ‘बाय’ म्हणायचे, लहानपणापासून.

वारीला जायचं ठरलं तेव्हा श्रावण सुरू होता. मी त्यांना म्हटलं, “काका, एक चांगली कोल्हापुरी करून द्या.” त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

“कोल्हापुरी देशावरची राणी आहे गो बाय. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, वादीनं शिवलेलं, एक खिळा नाही. पण तळही चामड्याचाच. घाटात दव पडतं, ते पाणी तळ पितो आणि फुगतो. तुला वर चामडं, खाली टायर. टाचेला मागून पट्टा.”

“आणि बूट?”

“बूटही चालतील. पण आतून घाम सुटतो, मोजा ओला होतो, ओल्या कातडीला फोड लवकर येतो. ज्याला बुटाची सवय आहे त्यानं बूट घालावा. तुझा पाय जन्मभर उघडा राहिलाय.”

पुढे मी पायी चालण्याविषयी बरंच वाचलं, जाणकारांशी बोलले. काकांच्या या चार वाक्यांपलीकडचं फारसं काही हाती लागलं नाही. पादत्राण निवडताना दुकानातल्या फळीकडे नंतर बघायचं. आधी वाट बघायची, हवा बघायची आणि पायाची सवय बघायची.

माप घ्यायला त्यांनी मला संध्याकाळी बोलावलं. सकाळी पाय लहान असतो, दिवसभराच्या वावरानं तो भरतो, आणि लांबच्या चालीत तर आणखी फुगतो. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायला सांगितलं. पेन्सिल उभी धरून त्यांनी पायाभोवती रेघ फिरवली. डावा पाय उजव्यापेक्षा जरा मोठा निघाला. “बहुतेकांचे असेच असतात. माप मोठ्या पायाचं धरायचं, लहान्याला पट्ट्यानं आवळायचं,” ते म्हणाले. बोटांपुढे अंगठ्याच्या जाडीएवढी जागा सोडली. उतारावर पाय पुढे सरकतो. तिथे बोटं कडेला आपटली की नखं काळी पडतात.

वहाणा हातात आल्या त्या नवरात्राच्या तोंडावर. त्या दिवशी मला सक्त ताकीद मिळाली: आधी घरात घालायच्या, मग बाजारापर्यंत, मग भाट्याच्या पुलापर्यंत. दर वेळी परत येऊन त्यांना दाखवायच्या. पट्ट्यांना आतून एरंडेल, आणि रात्री माझ्या टाचांना भिरंडेल. कोकमाच्या बियांचं ते घट्ट तेल तळव्याच्या उबेनं विरघळतं आणि भेगांत शिरतं. घाटावर गेल्यावर कोरड्या हवेत टाच फाटली तर वहाण कितीही चांगली असून उपयोग नाही, असं त्यांचं म्हणणं.

भाट्याचा पूल, फणसोप, गोळपचा सडा आणि पावस ही चाल मी पहिल्यांदा केली तेव्हा उजव्या करंगळीशी लाल वळ उठला. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन घेऊन एसटीनं परतले ती थेट टपरीवर. काकांनी वहाण उजेडात धरली. आतला तळ त्यांनी पत्रिकेसारखा वाचला. चवड्याखाली चामडं काळं, तुकतुकीत झालं होतं, तिथे भार नीट पडत होता. करंगळीकडची बाजू मात्र खरवडल्यासारखी दिसत होती. त्यांनी पट्टीची आतली कड अंगठ्यानं हळूहळू चाचपली. कड दुमडून शिवली होती तिथे एक टाका तिळाएवढा वर आला होता. डोळ्यांना तो दिसतही नव्हता. हातोडीनं तो बसवला, रापीनं कडेची जाडी उतरवली, पुन्हा अंगठा फिरवला, पुन्हा उतरवली. रापी चामड्यावरून अशी जायची की कागदापेक्षा पातळ पापुद्रा निघावा. मग माझ्याच पायात घालून, मला रस्त्यावर चार पावलं चालवून, खाली वाकून पाहिलं.

“चामड्याला पायाची ओळख व्हायला लागते आणि पायाला चामड्याची. घाई केली की दोघंही रुसतात,” ते म्हणाले. अशा खेपा बऱ्याच झाल्या. किंमत त्यांनी पहिल्याच दिवशी घेतली होती. या दुरुस्त्यांचा एक पैसाही घेतला नाही.

एका खेपेला मी आग्रह धरला तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली. “तुझे आजोबा कार्तिकीला चालत जायचे. त्यांच्या वहाणा माझा बा करायचा. एकदा बा पण गेला त्यांच्या दिंडीमागून. आजोबा आत जाऊन पायांवर डोकं ठेवून आले. बानं कळस बघितला आणि परतला.” आवाजात कडवटपणा नव्हता. मला मात्र पुढे काय बोलावं ते सुचेना.

याच रत्नागिरीत भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर १९३१ साली सर्वांसाठी उघडलं. पंढरपूरला त्यानंतर सोळा वर्षं लागली. मे १९४७ मध्ये साने गुरुजी उपोषणाला बसले, दहा दिवस अन्नावाचून राहिले, तेव्हा विठ्ठलाचं दार दलितांना खुलं झालं. गुरुजी आमच्याच जिल्ह्यातले, दापोलीजवळच्या पालगडचे. काकांचे वडील तोवर थकले होते. ते पुन्हा गेले नाहीत. माझ्या आजोबांना ज्यांनी पंढरपूरपर्यंत पोचवलं, ते स्वतः महाद्वाराबाहेर राहिले, आणि आमच्या घरात वारीच्या एवढ्या आठवणी निघायच्या, त्यात वहाणा करणाऱ्याचं नाव कधी निघालं नाही. माझं देणं माझ्या जोडीपासून सुरू झालेलं नाही, हे त्या दिवशी कळलं.

निघायच्या आदल्या दिवशी काकांनी एक पुडी दिली. तिच्यात दाभण, मेणाचा दोरा आणि चामड्याची एक पट्टी. आंबा घाट चढताना दिंडीतल्या एका मावशींच्या चपलेचा अंगठा तुटला. ते सामान होतं म्हणून त्या अनवाणी राहिल्या नाहीत. माझ्या पायांना एक-दोन फोड आले ते मिरजेच्या पुढे. कातडी सोलायची नाही, झाकून ठेवायची, ही शिकवणही काकांचीच. बाकी वाट वहाणांची आठवणही न होता सरली. चांगल्या वहाणेला याहून मोठी पावती नाही.

परत आल्यावर तुळशीची माळ आणि बुक्का घेऊन गेले. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, तशी मी काकांच्या पाया पडले. ते पाय मागे घेऊ लागले. मी घेऊ दिले नाहीत.

वहाणांच्या देण्याचा विचार करताना मला एक गोष्ट आठवते. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना तुरुंगात टाकणारे जनरल स्मट्स यांना गांधीजींनी तुरुंगात स्वतः केलेल्या चपला भेट दिल्या होत्या. स्मट्सनी त्या कित्येक उन्हाळे वापरल्या आणि गांधीजींच्या सत्तरीला, १९३९ साली, परत पाठवल्या. एवढ्या थोर माणसाच्या वहाणांत उभं राहण्याची आपली योग्यता नाही, असं त्यांनी लिहिलं. स्मट्सना निदान परत तरी करता आल्या. माझ्या आजोबांच्या वहाणा केव्हाच झिजून गेल्या, आणि माझ्या वहाणा काकांनी परत घेतल्या नसत्या. आता काकांना नीट दिसत नाही, टपरी बंद आहे, मुलगा दुसऱ्या नोकरीत आहे. रत्नागिरीत मापानं वहाण करून देणारे हात फार कमी उरलेत.

तुम्हाला कार्तिकीला, गणपतीपुळ्याला किंवा आणखी कुठे पायी जायचं असेल, तर निघण्याच्या दोन महिने आधी आपल्या गावातल्या चर्मकाराकडे जा. संध्याकाळी जा, दोन्ही पायांचं माप द्या, कुठून कुठे चालणार ते सांगा, आणि तो सांगेल तितक्या खेपा घाला. किमतीत घासाघीस करू नका. आणि परत आलात की प्रसाद पहिल्यांदा त्याला न्या.