कागद पास झाला, गाडी?

बैल विकत घ्यायचा तर आपण त्याचे दात बघतो, खुर बघतो, चार पावले चालवून बघतो. दावणीला आल्यावरही पत्री मारतो, खांदा सुजला आहे का ते चाचपतो. पण दाराशी उभ्या असलेल्या मोटारसायकलीचे काय? एका किकेत सुरू झाली म्हणजे ठणठणीत, नाही झाली तर आजारी, एवढेच आपले वैद्यक. मीही त्यातलाच. त्याची गोष्ट आज सांगतो. ती सांगायला मी शिल्लक राहिलो ही जोतिबाची कृपा, आणि थोडे माझ्या कारभारणीचे नाक.

आमच्याकडे पूर्वी राजदूत आणि येझदी बागायतदाराच्या दारात दिसायची. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि थोड्या पेट्रोलात लांब पळणाऱ्या शंभर सीसीच्या गाड्या हळूहळू गावोगाव झाल्या. त्याच वळणाची गाडी मी १९९८ साली उसाच्या बिलातून घेतली. एमएच-०९ची पाटी लावून ती दारात आली तेव्हा मंडळीने तिला ओवाळले. डेअरीला दूध, शेतावर खताचे पोते, पोरांची शाळा, बायकोचे माहेर, सारे तिनेच केले.

खाजगी मोटारसायकलीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात, अशी बोलवा मधूनमधून पारावर उठते. ते आपल्याकडे खरे नाही. दिल्ली भागात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदीचा आदेश झाला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला, त्यावरून ही गफलत होते. आपल्याकडे कागद पुरे असले, कर भरला आणि निरीक्षकाने गाडी पाहून पसंत केली की पुढची ५ वर्षे मिळतात. मुदत संपण्यापूर्वी ६० दिवसांच्या आत अर्ज करता येतो.

माझी गाडी २०१३ साली अशी पास झाली, २०१८ साली झाली आणि २०२३ साली तिसऱ्यांदा झाली. १ हजार रुपये फी, २ हजार पर्यावरण कर, विमा आणि धुराचा दाखला. आदल्या दिवशी मी गाडी धुतली, मागचा दिवा नवा घातला, भोंगा दुरुस्त केला. ब्रेकचे पायडल जरा खोल जात होते, म्हणून मागच्या चाकाजवळच्या सळईचा नट चार आटे आवळला. पायडल वर आले. झाले काम!

साहेबांनी चेसीसचा नंबर ताडून पाहिला, दिवे लावून बघितले, भोंगा वाजवला, टायरवर नजर टाकली. मैदानात गाडी चालवून ब्रेक लावायला सांगितले. गाडी जागच्या जागी थांबली. साहेबांनी त्यांचे काम चोख केले, त्यांना मी बोल लावणार नाही. मी तर पेढेच घेऊन घरी आलो. ही म्हणाली, "अवो, कागूद पास झाला, पर गाडी?" मी हसण्यावारी नेले. सरकारने ५ वर्षांचा दाखला दिल्यावर हिचे कोण ऐकतो?

चैत्राची यात्रा उरकून गर्दी ओसरल्यावर एका रविवारी आम्ही दोघे जोतिबाला गेलो. दर्शन झाले, गुलाल घेतला, डबा खाल्ला आणि केर्लीच्या बाजूने डोंगर उतरू लागलो. पेट्रोल वाचवायची माझी जुनी खोड. उताराला गाडी न्यूट्रल करायची आणि पाय ब्रेकवर ठेवून द्यायचा. दोनतीन वळणे झाली तोच ही मागून म्हणाली, "कायतरी करपल्यागत वास येतोय."

"कुणीतरी पालापाचोळा पेटवला असेल," मी म्हणालो.

"पाल्याचा वास मला कळत न्हाई व्हय? गाडी हुबी करा."

उभी करावी म्हणून पायडल दाबले, तर ते खाली गेले आणि खालीच राहिले. गाडी तशीच पळतेय. पुढे माणसांनी भरलेली जीप, एका अंगाला दरी. माझ्या तोंडचे पाणी पळाले. कशीबशी गाडी गिअरात घातली, इंजिन ओरडले, वेग थोडा तुटला. पुढचा ब्रेक हळूहळू दाबत डोंगराच्या अंगाची चर धरली आणि मुरमात चाक रुतून आम्ही दोघे आडवे झालो. हिचे कोपर सोलले, माझा गुडघा फुटला. गुलालाची पुडी फुटून दोघेही लालभडक. हिने आधी माझ्याकडे बघितले, मग गाडीकडे, आणि काहीच बोलली नाही. ते न बोलणे मला जास्त लागले.

गाडी थंड झाल्यावर पहिल्या गिअरमध्ये एकटाच खाली आणली. ही चालत आली. मिस्त्रीने मागचे चाक उघडले. आत दोन अर्धगोल ब्रेक शू असतात. त्यांच्यावरचे लायनर ड्रमला घासले की चाक थांबते. माझे लायनर कागदाएवढे उरले होते, एका बाजूला तर लोखंड उघडे पडले होते. सळईच्या नटाला पुढे आटाच शिल्लक नव्हता. मिस्त्री म्हणाला, "काका, नट आवळून पायडल वर येतं, लायनर वाढत न्हाई." एक बाणही त्याने दाखवला. चाकाच्या झाकणावर, ब्रेकच्या दांड्यापाशी. ब्रेक दाबल्यावर तो बाण खुणेला जाऊन भिडला की लायनर संपले समजायचे. २५ वर्षे रोज ज्या गाडीवर बसलो, तिच्यावरची ती खूण मला ठाऊक नव्हती.

आता उलगडा झाला. सपाट मैदानात, एकट्या माणसाला, थंड ब्रेक पुरला. घाटात दोन माणसांचे ओझे, न्यूट्रलमुळे इंजिनची ओढ नाही, सारा भार ब्रेकवर. ड्रम तापून फुगला, लायनरची पकड सुटली. तपासणी खोटी नव्हती, पण ती त्या दिवसाची होती. साहेब काही चाक उघडून बघत नाहीत. इंग्लंडात १९६० सालापासून जुन्या गाड्यांची तपासणी आहे आणि आता ३ वर्षांवरची मोटारसायकल तिथे दरवर्षी दाखवावी लागते. पण त्या दाखल्याचाही अर्थ इतकाच, की त्या दिवशी गाडी ठीक होती. आपल्याकडे तर दोन तपासण्यांत ५ वर्षे जातात. तेवढ्यात गाईची वेते होतात, लायनरचे काय घेऊन बसलात!

तेव्हापासून काही गोष्टी मी ठरवून टाकल्या आहेत. उतार लागला की गाडी गिअरातच ठेवायची. चढाला जो गिअर लागतो, साधारण तोच उताराला. महिन्यातून एकदा बाण बघायचा. टायरची नक्षी बघायची. दुचाकीला निदान ०.८ मिलिमीटर खोली हवी असा नियम आहे, पण नक्षी तिथवर झिजण्याची वाट कशाला बघा? गाडी मधल्या स्टँडवर लावून पुढचे चाक उचलायचे आणि हँडल सावकाश फिरवायचे. मध्येच अडकले किंवा खडखडले तर कोन सेट गेला. मागचा दिवा तर रोज संध्याकाळी. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. आपण मागच्याला दिसलो नाही तर दाखला खिशात असून काय उपयोग?

आमच्या घरी खंडेनवमीला विळा, कोयता, नांगर आणि गाडी यांची पूजा होते. पूर्वी मी गाडी धुऊन हार घालायचो. आता दोन दिवस आधी मिस्त्रीकडे नेऊन दोन्ही चाके उघडतो. ते लायनर घरी आणून हिला दाखवावे लागतात. ही ते बोटाने चाचपते, डाळ शिजली का बघावी तसे. तिने मान हलवली तरच हार.

पुढची सरकारी तपासणी २०२८ साली आहे. घरची दरवर्षी असते, आणि खरे सांगतो, तिथे पास होणे जास्त कठीण आहे.