नायटलचा वास

इंजेक्शनआधी दंडावरून स्पिरिटचा बोळा फिरतो, तेव्हा इतरांना सुई आठवत असेल. मला पोलाद आठवतं. अल्कोहोलात नायट्रिक आम्लाचे थोडे थेंब घातले की नायटल होतं. घासून घासून आरसा केलेल्या तुकड्यावरून त्याचा ओला कापूस अलगद फिरवायचा, आणि बघता बघता तो आरसा हिवाळ्यातल्या खिडकीसारखा धुरकट होतो. मग डोळा सूक्ष्मदर्शकाला लावायचा. किती वर्षं झाली! वास तोच आहे.

अण्णा लेथवर होते. हायस्पीड स्टीलच्या टूलबिटचा कधी अवचित टवका उडे, आणि टूल मोडलं की दोष हाताचा, असा त्या कारखान्याचा शिरस्ता. अण्णा वाद घालत नसत. तुकडा खिशातून घरी आणत, खिडकीशी उजेडात फिरवत आणि हळूच म्हणत, "आतनंच गेलंय गं हे."

पुढे प्रयोगशाळेत मी त्यातलाच एक तुकडा घासला. नायटल फिरवलं, आणि काळपट पोलादात कार्बाइडच्या पांढऱ्या रांगा उमटल्या. इनगॉट सावकाश थिजताना कार्बाइडचं जाळं धरतं. घणाखाली ते मोडतं, पण पुरतं विखरत नाही, ओढलं जाऊन रांगा धरून राहतं. तडा त्या रांगेच्या कडेकडेनेच गेला होता.

शेजारी स्प्रे फॉर्मिंगचा नमुना ठेवला. वेल्समधल्या स्वान्सीत सिंगर यांनी १९७०च्या सुमारास मांडलेली ही रीत: वितळलेल्या धातूच्या धारेवर वायूचे झोत सोडायचे, पोलादासाठी बहुधा नायट्रोजनचे, आणि तिचे तुषार, काही थिजलेले, काही अजून ओले, फिरत्या तबकावर सड्यासारखे पडू द्यायचे. कार्बाइडला जाळं विणायला उसंतच मिळत नाही. भिंगाखाली रव्यासारखे बारीक दाणे दिसले, कुठूनही पाहा, सारखेच. मधेच वायूची काळी छिद्रं, जी तापवून ठोकल्यावर मिटतात. पाणी देऊन, ५५० अंशांच्या आसपास टेम्पर केल्यावर रॉकवेलवर दोन्ही पोलादं ६४च्या घरात. कठीणपणा सारखाच. आडवा भार सोसण्यात मात्र हे नवं पोलाद सरस, आणि मला विचाराल तर टूलचं खरं मोल तिथेच कळतं.

एका रविवारी अण्णांना भिंगाशी बसवलं. एक डोळा मिटून ते कितीतरी वेळ बघत राहिले. नायटलचा वास खोलीभर होता.

तो तुकडा माझ्या खणात आहे, एका बाजूने अजून चकचकीत.