शेवटची बाज

माझ्या पटकथेच्या एकतिसाव्या पानाच्या समासात पेन्सिलीनं एक ओळ होती: ‘सर, ही बाई घर सोडून कामून जाईना?’ लिहिणारी मुलगी नांदेडला शिकते. दर रविवारी एस.टी.नं लातूरला येते आणि माझ्या पटकथा टाइप करून देते, म्हणजे निमित्त टायपिंगचं. खरं तर ती शिकायला येते आणि मी शिकवायला मिळतंय म्हणून तिला येऊ देतो.

भुताची गोष्ट लिहिणाऱ्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. दुसऱ्यांदा भांडं पडलं की खरा माणूस बिऱ्हाड उचलतो. तसं झालं तर सिनेमा वीस मिनिटांत संपेल. म्हणून आम्ही माणसाला कोंडतो. पूल वाहून जातो, जीप बंद पडते, मोबाइलला रेंज नसते, डॉक्टरनं बाईला प्रवास करायचा नाही म्हणून सांगितलेलं असतं. मी याला ‘कुलूप’ म्हणतो आणि बावीस वर्षांत मी कुलपांत हुशार झालो. मुंबईत एखादी पटकथा मध्यंतराआधीच गळायला लागली की मला फोन यायचा, ‘तेवढं कुलूप बसवून द्या.’ नाव श्रेयनामावलीत नसायचं, पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. अंधारात बसलेले दोनशे लोक मी बसवलेल्या कड्या-कोयंड्यांमुळे खुर्चीत आहेत, या विचाराची मला नशा होती.

त्या पानावरचं माझं कुलूपही चांगलं होतं. मन्याडला पूर, पलीकडे गाव, आत बाळंतीण. मी मुलीला तेच सांगितलं. ती म्हणाली, ‘पूर उतरल्यावर?’

पूर उतरेपर्यंत मध्यंतर झालेलं असतं, असं मी उत्तर दिलं. बावीस वर्षांच्या कामाला शोभेल असं उत्तर नव्हतं ते.

पुढच्या रविवारी तिनं स्वतःची पटकथा आणली. माळवदाचं जुनं घर, परसात कोरडा आड, आडातून संध्याकाळी कुणीतरी नाव घेऊन हाक मारतं. घरात एक विधवा, साठीची. मुलगी पुण्याहून रोज फोन करते, ‘ये इकडं.’ रस्ता चालू, एस.टी. चालू, रेंज भरपूर. बाई जात नाही. मी पानं उलटून कुलूप शोधत राहिलो. शेवटी विचारलं. ती म्हणाली, ‘सर, घर तिच्या नावावर हाय.’ ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नवऱ्यानंतर बाईचं नाव चढलंय. जन्मात पहिल्यांदा कुठल्या कागदावर मालक म्हणून चढलंय. आडातली हाक ऐकून ती ते कसं सोडेल?

मी चिडलो. हे माहितीपटाचं कारण झालं, भीतीच्या सिनेमाचं नाही, असं म्हणालो. भीतीच्या सिनेमात प्रेक्षकाला तिसाव्या पानापर्यंत कारण हाताला लागलं पाहिजे, वगैरे बरंच बोललो. ती ऐकून घेऊन पाचच्या गाडीनं गेली. चिडण्याचं कारण मला तेव्हाही ठाऊक होतं. तिचं कारण माझ्या पुरापेक्षा भीतिदायक होतं, आणि ते मला सुचलं नव्हतं.

मग २१ मार्च २०२४ ची सकाळ आली. सहाच्या सुमारास जमीन हलली. केंद्र हिंगोली जिल्ह्यात होतं, पण नांदेड-परभणीपर्यंत माणसं घराबाहेर पळाली. तिचा फोन आला. गल्लीत सगळे उभे, कुणी टॉवेलवर, कुणाच्या कडेवर लेकरू. पुन्हा एक धक्का. आणि आठ वाजेपर्यंत गल्ली रिकामी. आतून भाकरी थापल्याचा आवाज. ‘कुणी कुलूप लावलं नव्हतं, सर,’ ती म्हणाली. उलट बोलायचं म्हणून नाही बोलली. पाहिलेलं सांगत होती.

फोन ठेवला आणि मला किल्लारी आठवली. आठवली असं तरी कसं म्हणू? औसा तालुक्यात वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसाला किल्लारीचा विसर पडत नाही. पण तोवर मला तिचा शेवटच आठवत होता. आता त्याच्या आधीचं वर्ष आठवलं.

जग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ओळखतं. तीन वाजून छप्पन्न मिनिटं, अनंत चतुर्दशीची रात्र सरत आलेली, गणपती बुडवून दमलेली माणसं गाढ झोपलेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर दीड-दोन फूट मातीचं माळवद. ते सगळं आत आलं. पण गोष्ट तिथं सुरू झाली नव्हती. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीच्या जमिनीतून आवाज येत होते. धक्के बसत होते, आणि १८ ऑक्टोबरला चांगलाच मोठा बसला. माझी मावशी तिथं दिलेली. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी चार दिवस तिच्याकडे होतो, सतरा वर्षांचा. अख्खी आळी अंगणात झोपत होती. बाजा ओळीनं मांडलेल्या, पोथी चाललेली, पोरांना मजा. रात्री एकदा तो आवाज मी ऐकला. रिकामं पिंप तळघरात कुणी लोळवावं तसा, आणि पिंप थांबल्यावरही पायांच्या तळव्यांत उरणारा.

तो आवाज मी वापरला. मी लिहिलेल्या पहिल्याच भयपटात तळघरातलं पिंप आहे. ध्वनिसंयोजकाशेजारी तीन रात्री बसून मी तो जमवून घेतला. पहिल्या खेळाला लातूरच्या थिएटरात मागच्या रांगेतली एक बाई उठून बाहेर गेली आणि मी शेजाऱ्याचा हात दाबला. मला वाटलं, जिंकलो. ती बाई किल्लारीकडची असेल, सास्तूरची असेल, हा विचार त्या रात्री मला शिवलाही नाही. आज शिवतो. तेव्हा अंगावर आलेल्या काट्याचा मला अभिमान होता, हेही तितकंच खरं.

पण त्याहून मोठी चूक वेगळीच. मी आवाज उचलला आणि आवाजानंतरचं सोडून दिलं. किल्लारीची माणसं बाहेर झोपली होती. त्यांना इशारा मिळाला होता, तो त्यांनी ऐकला होता, आणि मग एकेक करून ती परत आत गेली. भयकथेतला सगळ्यात भयंकर प्रसंग हा आहे, आणि बावीस वर्षांत मी तो एकदाही लिहिला नाही. मी माणसांना बाहेर पडूच दिलं नाही, मग परत आत जाणार कोण?

तेव्हापासून मी त्या एका प्रसंगाशी झटतोय. पहिल्या इशाऱ्यानंतर घर बाहेर येतं, हे सोपं. परत जाण्याचं लिहायला बसलो की हात अडखळतो, कारण तिथं काही घडत नाही. म्हाताऱ्याला दव बाधतं. जोंधळ्याची पोती आत आहेत आणि उंदीर लागलेत. सून अवघडलेली आहे, तिला आडोसा हवा. थंडी वाढते. एकाही कारणाला नाव ठेवता येत नाही. प्रेक्षकानंही मनात म्हटलं पाहिजे, ‘जा बाबा आत, किती दिवस बाहेर?’ तो तसं म्हणाला की तोही आत गेला. ढग गडगडले, पार्श्वसंगीतानं एक सूर धरला, की प्रसंग मेला. आठ वेळा लिहून आठ वेळा फाडला. दर वेळी कुठं तरी मी प्रेक्षकाला कोपरखळी मारलेली असते की बघ, आता चूक होतेय. ती कोपरखळी माझ्या हातातून जात नाही. हाताला सवय झालीय.

‘तुंबाड’ मी पुन्हा पाहिला. २०१८ च्या ऑक्टोबरात आला तेव्हा मी हस्तर बघत बसलो होतो. २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला, तेव्हा मी फक्त विनायकाचे पाय बघितले. लहानपणी आई त्याच्याकडून वचन घेते, इथं पुन्हा येणार नाहीस. पंधरा वर्षांनी तो येतो. पूर नाही, जीप नाही. त्याला कुणी कोंडलेलं नाही. पुढं तर तो कामावर जावं तसा जात-येत राहतो. राही बर्वेंनी मधली पंधरा वर्षं उडवली, वचन मोडतानाचा विनायक दाखवलाच नाही, आणि ते बरोबर केलं. पहिल्या भागात मात्र कुलूप आहे आणि ते नारायण धारपांच्या ‘आजी’कडून आलंय: घरात म्हातारी आणि तिच्याजवळ एकटं पोर. धारपांनी ते स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’वरून घेतलं होतं. म्हणजे एक कुलूप अमेरिकेतून पुण्यात आणि पुण्यातून तुंबाडात आलं, आणि तरी न गंजता चाललं. कुलूप वाईट नसतं. लहान पोराला ते शोभतं, कारण पोर खरंच जाऊ शकत नाही. मोठ्या माणसाला कोंडलं की तो निर्दोष होतो, आणि निर्दोष माणसाबद्दल वाटते ती कीव.

‘लपाछपी’बद्दल मला आदर आहे. विशाल फुरियांनी २०१७ मध्ये भूत उसाच्या फडात आणलं, भर दिवसा. उसात वाट चुकणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या पोरांना सांगावं लागत नाही. उषा नाईकांची तुळसाबाई बघताना मला वाटलं होतं की आता आपल्या भागालाही भुतं मिळतील. मिळाली नाहीत. निर्माते अजून पहिल्याच भेटीत विचारतात, ‘कोकणात नेता येईल का?’ ‘रात्रीस खेळ चाले’ तिकडचं, ‘मुंज्या’ तिकडचा. धुकं, चिरा, माडाची सावली हे सगळं तिथं आयतं मिळतं. आमच्याकडे काळी माती, पांढरीवर ढासळलेली गढी आणि दुपारचे बारा. पण आमच्या आयांनी आम्हाला भीती घातली ती दुपारच्या बाराचीच: विहिरीवर जाऊ नको, आसरा धरतील. सावली पायाखाली येते ती वेळ. ती पडद्यावर कुणी आणत नाही. आणि भुताला हसायची जी लाट आलीय तिचा मला राग आहे. प्रेक्षक घाबरला की लगेच त्याला हसवून मोकळं करायचं, म्हणजे त्याला परत आत जायची वेळच येऊ द्यायची नाही.

नांदेडात शिकत असताना मी भरताचं नाट्यशास्त्र वाचलं. नरहर कुरुंदकर जाऊन तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती, पण गावात त्यांच्या व्याख्यानांची आठवण सांगणारे होते, आणि त्यांच्या ऐकण्यात राहून आपणही रसांवर बोलू शकतो असं मला वाटायचं. भयानकाचा रंग काळा, दैवत काळ, हे मी भेटेल त्याला ऐकवायचो. कथानकाच्या पाच अवस्थांपैकी तिसरी मी परीक्षेपुरती पाठ केली होती: प्राप्त्याशा. मिळेल असं वाटू लागतं ती अवस्था. भरत ती नायकाच्या फळाबद्दल सांगतो. मला आता ती त्या विधवेत दिसते. घर मिळेल, राहील, आपलं होईल. आडातली हाक त्या आशेच्या आड येत नाही. हाक आणि आशा एकाच घरात राहतात. माझ्या विद्यार्थिनीनं भरत वाचलेला नाही. तिनं नमुना आठ बघितलाय.

तिला मी हे सांगितलं. तिचं बरोबर होतं, असं स्वच्छ शब्दांत म्हणायला मला तीन रविवार लागले. तिनं मान डोलावली आणि विचारलं, ‘मग सर, आत जाताना सगळ्यात शेवटी कोण जातं? त्याचीच गोष्ट ना?’

हे मला आवडलं. एकतिसाव्या पानाचा नववा खर्डा मी त्यावर बांधला. अंगणात बाजा कमी होत जातात. सहा, चार, दोन. शेवटी एकच बाज, तिच्यावर एक बाई, आकाशाकडे बघत. तिला कळलंय. ती शेवटची आत जाते. ती माझ्या मनात मावशीच होती. एकतीस वर्षं मी असंच धरून चाललो होतो की मावशी शेवटपर्यंत बाहेर राहिली असणार. सुट्टी संपून मी निघालो तेव्हा ती बाजेवर बसून मला हात करत होती, म्हणून.

मागच्या आठवड्यात आईला विचारलं. आई ऐंशीची आहे, तिला सकाळचं आठवत नाही पण ते साल आठवतं. मी निघून आलो त्यानंतरच्या संक्रांतीला दोघी बहिणी माहेरी भेटल्या होत्या, तेव्हा मावशीनं तिला सगळं सांगितलं होतं. मी विचारलं, आत जाताना सगळ्यात शेवटी मावशी गेली ना?

‘शेवटी?’ आई म्हणाली. ‘सगळ्यात आधी तीच गेली की. लेकराला खोकला झाला होता.’